परत मागितलेला शॉट

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दुपारी सरांनी तो चित्रपट पाहिला. त्यात तो शॉट नव्हता.

चित्रपट संपला तरी सर सोफ्यामागे उभेच होते. ते सिनेमा उभ्यानेच बघत. फिल्म सोसायटीच्या दिवसांत प्रोजेक्टरशेजारी उभं राहायची सवय लागली, ती कधी सुटली नाही. आयर्लंडमध्ये, शॅननमधल्या आमच्या भाड्याच्या घरात ते सोफ्याच्या पाठीवर हात टेकत आणि पडद्याकडे असे बघत की पुढे बसलेल्या माणसाला मानेवर त्यांचा श्वास जाणवे. त्या दुपारी नवरा चहा ठेवायला उठला आणि मी रिमोट उचलला.

"थांब. मागे घे."

मी मागे घेतला.

"अजून मागे."

ती बाई पुन्हा आली, खिडकीशी बसली. कॅमेरा होता तिथेच राहिला. सरांनी तेवढाच भाग परत बघितला, मग पुन्हा एकदा. "कापलाय कुणीतरी," असं म्हणून त्यांनी कोट चढवला आणि मफलर न घेता ते बाहेर पडले. चहा झाकून ठेवावा लागला.

सर माझे सासरे. पण त्याआधी ते माझे शिक्षक होते, म्हणून लग्नानंतरही तोंडात 'सर'च राहिलं. 'बाबा' म्हणून बघितलं एकदा, तर ते म्हणाले, "हे कोण नवीन?" पुण्यात ते मूकपट शिकवत. मूकपट म्हणजे खरं तर एकच माणूस शिकवत. तुरीन शहरातला एक इटालियन दिग्दर्शक, ज्याने सिनेमा तान्हा असताना थोडी वर्षं चित्रपट काढले, मग सगळं सोडून दिलं आणि पुढचं लांबलचक आयुष्य त्याबद्दल चकार शब्द न काढता घालवलं. सर त्याला 'तुरीनकर' म्हणत. "तुरीनकरांचं कसं असतं," असं ते वर्गात सुरू करत तेव्हा नव्या मुलांना वाटे, हे कुणी कोल्हापूरकडचे असावेत.

तुरीनकरांची जी चित्रं उरली होती त्यांवर सर तासन्‌तास बोलत. पुढे नवरा-बायको भांडतायत, पण दार उघडं आहे, दारातून मागची गल्ली दिसते आणि गल्लीतून पावाची टोपली घेतलेला माणूस चाललाय. त्या काळी बाकीचे लोक रंगवलेल्या पडद्यापुढे नाटक उभं करत असताना या माणसाने खरी गल्ली उघडी ठेवली. "मागे बघा," सर म्हणत. "पुढे गोष्ट असते, मागे शहर असतं." बोलताना ते एका जागी थांबत नसत. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, आणि वाक्याचं क्रियापद कधी कधी व्हरांड्यातून ऐकू येई.

पण सगळं शिकवणं जाऊन थांबायचं ते त्या शॉटवर. नवरा युद्धात गेल्याची तार आलेली बाई खिडकीशी बसली आहे. ती रडत नाही. कॅमेरा चाकांच्या गाड्यावर आहे, आणि तो तिच्याकडे सरकायला लागतो, इतका सावकाश की आपण सरकतोय हे बघणाऱ्याला कळत नाही. आणि मग तिच्यापासून हातभर अंतरावर थांबतो. "जवळ जायचं," सर म्हणत, "पण हात लावायचा नाही. सिनेमा एवढाच आहे. बाकी सगळी आतषबाजी." हा चित्रपट त्यांनी बाविसाव्या वर्षी एकदाच पाहिला होता. कुठल्याशा वकिलातीने फिरवलेली प्रत दोन दिवस पुण्यात आली आणि गेली. नंतर देशात त्याची प्रत कुणाकडेच नव्हती. सरांनी तो शॉट आठवणीतून आम्हाला दिला, आणि आम्ही तो घेतला.

माझी आई गेली तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घर नातेवाइकांनी भरलेलं. प्रत्येक जण येऊन गळ्यात पडत होता, डोक्यावरून हात फिरवत होता, आणि मी आतून आखडत चालले होते. सर आले. दारात थोडा वेळ थांबले, मग भिंतीकडेने हळूहळू आत आले आणि मी बसले होते तिथून हातभर अंतरावर सतरंजीवर बसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. त्यांचा मुलगाही बरोबर आला होता म्हणे, मला आठवत नाही. पुढे त्याच्याशी लग्न झालं.

वीस सालच्या जानेवारीत सर तीन महिन्यांसाठी शॅननला आले. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. नवरा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बघतो, मी दुसऱ्या एका कंपनीची कागदपत्रं लावते. मार्चमध्ये सगळं बंद झालं, परतीचं विमान रद्द झालं, आणि ज्यांना चार भिंतींत वाक्यसुद्धा पुरं करता येत नसे ते सर आमच्या दोन बेडरूमच्या घरात अडकले. सकाळी उठून ते स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडत. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात, तो शब्द त्यांनी लगेच उचलला होता. "या प्रेसमध्ये काही छापत नाहीत वाटतं," म्हणत ते डबे हलवत, पुन्हा लावत, पुन्हा हलवत. विमानतळावर विमानं उतरत नव्हती, म्हणून सर खिडकीतून विमानं न उतरणं बघत. दोन मीटर लांब उभं राहायचा नियम आला तेव्हा मात्र खूष झाले. "शेवटी सरकारला तुरीनकर कळला. जरा जास्तच कळला, पण ठीक आहे."

ट्रॉलीचा प्रसंग त्या वसंतातला. नवऱ्याने जेवताना सहज विचारलं, "बाबा, कॅमेरा इतका हळू सरकवतात म्हणजे नेमका किती हळू?" सर ताटावरून उठले. त्या दुपारी आम्ही तिघं दुकानांच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये होतो. सर, वय चौऱ्याहत्तर, गुडघे पोटाशी घेऊन सुपरमार्केटच्या ट्रॉलीत बसलेले. दोन्ही हातांची चौकट डोळ्यांपुढे. मला त्यांनी भिंतीशी उभं केलं होतं, मी म्हणजे ती बाई. नवरा ढकलत होता.

"हळू."

"बाबा, ह्याहून हळू म्हणजे थांबणं."

"मग थांबण्याच्या अलीकडे ढकल! आणि तू गं, हसू नकोस. तार आलीय तुला."

"सर, मागून पोलीस आलेत."

गार्डा, म्हणजे इथला पोलीस, गाडीतून उतरला. तरुण, लालसर, उंच. त्याने आधी सरांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "हे बरे आहेत ना?" त्याने मला विचारलं, सरांना विचारण्यात अर्थ नाही अशा सुरात. मी सांगितलं की हे सिनेमाचे प्राध्यापक आहेत आणि कॅमेरा कसा सरकतो ते दाखवतायत. त्याने ट्रॉलीकडे एकदा बघितलं. "राहता कुठे?" घरापासून लांब जायला तेव्हा मनाई होती. मी मागच्या घरांकडे बोट दाखवलं. "मग ग्रँड," तो म्हणाला. "पण त्यांना टोपी घाला. वारा आहे." गाडीत बसता बसता परत वळला. "कुठला सिनेमा?" सरांनी ट्रॉलीतूनच त्याला इंग्रजीत सगळा शॉट सांगितला, तार, खिडकी, हातभर अंतर. तो टोपी काढून ऐकत होता. "बिचारी," तो म्हणाला, आणि गेला.

शेजारच्या मॉरीनने हे सगळं तिच्या खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हापासून कुंपणापलीकडून ती सरांना विचारी, "आज तुमचा तो तुरीनवाला काय म्हणतोय?" सर तिला रोज थोडं सांगत. त्यांच्या इंग्रजीला पुणेरी कड होती आणि तिच्या इंग्रजीला इथल्या क्लेअर परगण्याची, तरी दोघांचं जमे. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. एकदा ती म्हणाली, "त्या बाईचं बरंय. तिच्याकडे निदान कुणीतरी येतंय."

एवढं सांगितल्यावर नोव्हेंबरचं कळेल. इटलीतल्या एका संग्रहालयाने तो चित्रपट दुरुस्त करून थोडे दिवस इंटरनेटवर मोफत ठेवला, हे मीच शोधून काढलं. सरांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आधी बोललेही नव्हते.

सरांनी त्या संग्रहालयाला कळवलं, आणि तिथली एक तरुण बाई व्हिडिओवर बोलायला तयार झाली. फार नम्र होती. तिने सांगितलं की त्यांच्याकडे दोन प्रती आहेत आणि दोन्हींत कॅमेरा स्थिर आहे. मात्र त्या काळी परदेशासाठी कधी कधी शेजारी दुसरा कॅमेरा लावून वेगळी निगेटिव्ह काढत. या चित्रपटाची तशी निगेटिव्ह होती की नाही, तिला माहीत नाही. सर खुर्चीवरून उठले आणि व्हिडिओच्या चौकटीबाहेर गेले. ती बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "दुसरी निगेटिव्ह!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

पुढचे दिवस सर घरात कुणालाच बसू देत नव्हते. आपण पाहिली ती परदेशी प्रत, तिच्यात कॅमेरा सरकत होता, ती हरवली, आणि जगात तो शॉट पाहिलेला जिवंत माणूस आता आपण एकटेच. हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. मग एकदम आठवलं, एकटे नाही. तेव्हा शेजारी अण्णा होता.

अण्णा म्हणजे त्यांचा कॉलेजचा मित्र, फिल्म सोसायटीचा दुसरा खांब. कानाने कमी झालेले, फोनवर बोलणं टाळत. त्यांच्या सुनेने एका दुपारी स्पीकर लावून दिला. आमच्या स्वयंपाकघरातही स्पीकरच होता. डाळ शिजत होती.

"अण्ण्या, तो शॉट. खिडकीतली बाई."

"कोण बाई?"

"तुरीनकरांची! कॅमेरा पुढे जातो तो!"

पलीकडे अण्णा हसायला लागले. "अरे, कॅमेरा कुठला? चादर होती ती. माझ्या आईची. हॉलमध्ये पडदा नव्हता, दोन खांबांना बांधली आपण."

"मग?"

"मग काय? मे महिना. मुलींना उकडतंय म्हणून तूच तो मोठा टेबलफॅन पडद्यामागच्या दारात ठेवलास. चादर फुगली. ती बाई आली आपल्या अंगावर हळूहळू. दोरी ताणली, थांबली."

सरांनी गॅस बंद केला. डाळ झाली नव्हती.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तू माझा दंड धरून म्हणालास, बघ, कॅमेरा पुढे गेला. मला वाटलं, चेष्टा करतोयस. नंतर तू त्याच्यावर लेख लिहिलास, मला वाटलं चेष्टा लांबलीय. मग प्राध्यापक झालास. म्हटलं, आता मेल्याला कुठे सांगायचं?"

"अण्ण्या, चाळीस वर्षं शिकवलं मी हे."

"चांगलं शिकवलंस की. माझी पुतणी होती तुझ्या वर्गात."

त्यानंतर सरांनी जे सुरू केलं ते त्यांच्याशिवाय कुणी केलं नसतं. त्यांनी शॉट परत घ्यायला सुरुवात केली. रोज दुपारचं जेवण झालं की, म्हणजे पुण्यात संध्याकाळ असताना, ते जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत. नमस्कार-चमत्कार नाही. "मी बोलतोय. तुला एक शॉट दिला होता, तो परत घेतोय." फोन स्पीकरवर ठेवून मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत त्यांची फेरी सुरू असे, आणि मी घरून काम करत असल्यामुळे अर्धं संभाषण मला मिळे, उरलेलं भिंतीला.

कुणी हसलं. नागपूरला शाळेत शिकवणारी एक जण म्हणाली, "सर, मला तो शॉटच आठवत नाही हो," तेव्हा सरांनी त्या दिवशी दुसरा फोन केला नाही. मुंबईत कॅमेरामन झालेला एक विद्यार्थी मात्र चिडला.

"सर, मी तो लावलाय. दोन पिक्चरमध्ये. लोक रडलेत."

"ते तुझं. तुरीनकरांचं नाव काढ त्याच्यावरून."

"मग त्यांचं उरलं काय?"

सर फेरी मारता मारता थांबले. त्या आठवड्यात त्यांनी तो चित्रपट परत परत पाहिला होता, उभ्याने, आवाज बंद करून, कारण नव्याने जोडलेला पियानो त्यांना सहन होत नसे. "ऐक," ते म्हणाले. "कॅमेरा हलत नाही. ती बसलीय. मागे खिडकी, खिडकीत गल्ली. गल्लीतून एक बाई पाणी घेऊन जाते, मुलं पळतात, एक म्हातारा थांबतो, नाक पुसतो, जातो. कुणीही वर बघत नाही. आणि हा माणूस आपला कॅमेरा घेऊन तिथेच उभा. त्याला जवळ जावंसं वाटलं असेलच की. गाडा होता त्याच्याकडे, बाकीच्या चित्रपटांत वापरलाय. पण नाही गेला. शहर चालू ठेवलं आणि तिला तिचं दुःख एकटीला दिलं. एवढी ताकद माझ्यात नव्हती. मी तिला पंखा लावला. चाळीस वर्षं मी माझ्यापेक्षा मोठ्या माणसाची दुरुस्ती करत होतो, आणि तुम्हाला तीच शिकवत होतो."

फोन ठेवल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"तुझाही राहिलाय. घरातलीच म्हणून मागे पडला."

"मी नाही देणार, सर."

"म्हणजे?"

"आई गेली तेव्हा तुम्ही आलात. तुम्ही जसे आत आलात ना, तोच तो शॉट होता. माझ्याकडे तो पडद्यावरून आलेला नाही."

"ते चूक होतं."

"काय चूक होतं? तुमचं येणं?"

सरांनी टेबलावरचा माझा कप उचलला, रिकामा आहे हे बघितलं, परत ठेवला. मग पेन उचललं. बाहेर पाऊस तिरका येत होता. "तुला एकटीला सोडायला हवं होतं," ते म्हणाले, पण ते विचारत आहेत असं वाटलं.

"सोडलं असतं तर मी रडले नसते."

"तुरीनकरांची बाई पण रडत नाही."

"मी तुरीनकरांची बाई नाही, सर."

ते कोट घालून बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं, कुंपणापाशी मॉरीन भेटली. तिला त्यांनी चादरीची सगळी हकिगत सांगितली असावी, कारण थोड्या वेळाने तिचं हसणं आमच्या घरात ऐकू आलं, आणि मग ते एकदम थांबलं. सर भिजून परत आले. "मॉरीन काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, पंखा कुणी लावला हे त्या बाईला थोडंच माहितीय." त्यांनी मफलर हीटरवर टाकला. "ह्या बायकांशी बोलून उपयोग नाही."

माझा शॉट त्यांनी पुन्हा मागितला नाही. सोडला असंही म्हणाले नाहीत. दुसऱ्यांचे फोन मात्र वाढले, सकाळीही व्हायला लागले. जेवताना मध्येच कुणाचं तरी नाव आठवे आणि ते घास तसाच ठेवून उठत. नवरा म्हणाला, "बाबा, घाई काय आहे? पुण्याला गेल्यावर सगळ्यांना एकत्र बोलवा." सर म्हणाले, "दिलं एकेकाला, तर परत एकेकाकडून." त्यांना भीती होती, आपण गेल्यावर लोक ही गोष्ट आपल्या नावाने सांगत राहतील. तुरीनकरांचा स्थिर कॅमेरा कायमचा आपल्या चादरीमागे जाईल. एवढी एकच गोष्ट निस्तरायची होती त्यांना, आणि ती निस्तरत असताना ते मला कधी नव्हे इतके म्हातारे दिसायला लागले.

फेब्रुवारीत, फोनवर बोलत असतानाच ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. मी त्यांना कधी फोनवर बोलताना बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून मी उठून गेले. पलीकडून कुणीतरी "सर? सर?" करत होतं. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच आली. हृदयाचा झटका होता. लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये आत कुणाला सोडत नव्हते. नर्सने दुसऱ्या दिवशी टॅबलेटवर दाखवलं तेव्हा सर झोपेत होते आणि एक पाय पांघरुणाखाली हलत होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यसंस्काराला मोजकीच माणसं चालत. मॉरीन काळा कोट घालून आली आणि शेवटच्या रांगेत उभी राहिली. बसायला जागा होती, तरी ती बसली नाही. मी मागे वळून बघितलं तेव्हा तिने मान हलवली. नवऱ्याने अस्थी जपून ठेवल्या, आणि त्या वर्षाच्या शेवटी पुण्याला नेल्या.

सरांचा फोन माझ्याकडे आला. बातमी पसरल्यावर तो सारखा वाजत होता. ज्यांच्याकडून शॉट परत घेतला होता, त्यांतल्या बहुतेकांनी ती गोष्ट मला हसत-रडत सांगितली. कॅमेरामन म्हणाला की पुढच्या चित्रपटात तो कॅमेरा न हलवता एक प्रसंग करून बघणार आहे, जमेल का माहीत नाही. आणि मग साताऱ्याहून एका बाईंचा फोन आला. सरांच्या अगदी पहिल्या बॅचच्या, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांच्यापर्यंत सर पोचले नव्हते.

"सरांनी आम्हाला एक शॉट शिकवला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेल. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा मला तो फार आठवायचा. मी त्यांच्या खोलीत जाताना तशीच जायची. हळू." मग त्यांनी मला तो सगळा सांगितला, खिडकी, तार, आणि शेवटचं ते थांबणं, सरांच्याच शब्दांत, सरांपेक्षाही चांगला. मी ऐकलं. सांगायचं वाक्य तयार होतं, सरांचंच. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी त्यांना धन्यवाद दिले.

सरांच्या फोनमध्ये अशी, शॉट परत घ्यायची राहिलेली, आणखी काही नावं आहेत. मी त्यांना कळवलेलं नाही.